तक्ता तोंडपाठ

"पंजाची बोटं कुटल्या अंगाला हायत, तेवडंच दाखव," तक्त्यावर छडी ठेवून बाळाराम तांबे म्हणाला. "वर, खाली, का ह्या बाजूला. नाव-गाव काय सांगायचं न्हाय."

"मना पंजा दिसत न्हाय, तक्ता पन दिसत न्हाय," स्टुलावर बसलेली धोंडूबाई म्हणाली. "भिंत हाय ह्यो अंदाज. तुजा आवाज तिकडून येतो म्हनून."

शाळेच्या ओसरीवर ताटकळलेली माणसं हसली. बाळारामही हसला. श्रीवर्धन तालुक्यातल्या त्या डोंगरातल्या गावात सकाळपासून डोळ्यांचा कॅम्प चालू होता आणि नावं लिहून लिहून शिवदास गुरुजींची मान आखडली होती. जयमाला सिस्टरनी पुढे होऊन धोंडूबाईच्या डोळ्यांत बॅटरी मारली. दोन्ही बुबुळं पिकलेली, पांढरी. मोतीबिंदू ओळखायला बॅटरीचीही गरज नव्हती.

"आजी, ऑपरेशन करायचं. उद्या आमच्याबरोबर चला. मिशनचं हॉस्पिटल आहे पनवेलच्या अलीकडे, सगळं फुकट."

"मी न्हाय यायची. आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

इथून पुढचं काम बाळारामचं. मैत्री आरोग्य मंडळ असं भारदस्त नाव असलेल्या या मंडळात माणसं मोजून तिघं होती, तिघंही निवृत्त. सिस्टरनी सरकारी दवाखान्यात हयात काढलेली, गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि बाळारामने एसटीच्या स्टिअरिंगवर. तिघांच्या गोळ्यांचे डबे एकत्र उघडले असते तर एखादं छोटं मेडिकल स्टोअर निघालं असतं. भातकापणी उरकली की शिमग्यापर्यंत दर रविवारी विहारात वंदना व्हायची, गाडीभोवती उभं राहून पंचशील म्हटलं जायचं आणि विहाराला देणगीत मिळालेली जुनी जीप घेऊन तिघं कुठल्या तरी गावाला निघायचे. गाव कुणाचंही असो, कुणब्यांचं, कोळ्यांचं, मोहल्ला असो. तपासायचं, दुसऱ्या दिवशी पेशंट हॉस्पिटलला न्यायचे आणि डोळे घेऊन परत आणायचे. तपासणी सिस्टरची, लिखापढी गुरुजींची. न ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांना वळवायचं आणि गाडी चालवायची, ही दोन कामं बाळारामची.

तो धोंडूबाईच्या शेजारी जमिनीवर बसला. "घरात कोन कोन हाय गो?"

"ल्योक हाय, सून हाय."

"सून बगते का नीट?"

"बगते, न्हाय कशाला बोलू?" मग तिने आवाज खाली घेतला. "पन तांदूळ निवडीत न्हाय. रोज दाताखाली खडा येतो. बोलायची सोय न्हाय."

"मग डोलं करून ये. सोताचा तांदूळ सोता निवड."

सुनेपुढे सूप घेऊन बसण्याचं चित्र धोंडूबाईला आवडलेलं दिसलं. "खडा दिसंल इतकं दिसतं?"

"मोहरीतला दिसंल."

"बरं. पन मना गाडी लागते. मी पुडं बसनार."

गुरुजींनी नाव लिहून घेतलं. तक्ता गुंडाळताना बाळाराम खूश होता, पण तेवढ्यापुरताच. कारण उद्या सकाळी ऊन समोरून येणार होतं.

गेल्या वर्षी कधीतरी समोरच्या गाड्यांच्या दिव्यांना पिसारे फुटायला लागले, तेव्हा त्याने काच पुसली. मग चष्मा पुसला. मग संध्याकाळची गाडी चालवणं टाळायला लागला. कधी कंबर दुखायची, कधी घरी पाहुणे यायचे. आपल्याला काय झालंय हे त्याला न कळायला तो काही दूधखुळा नव्हता, दर रविवारी तो दुसऱ्यांना तेच समजावत होता. पण दिवाळीनंतर सिस्टर मंडळातल्या सगळ्यांचे डोळे तपासत, गाडी चालवणाऱ्याचे तर आधी. यंदा बाळारामने एक डोळा हाताने झाकला आणि वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत धडाधड दाखवून दिलं. मग दुसरा झाकला आणि पुन्हा तेच. इतकी वर्षं छडी घेऊन त्या तक्त्याशेजारी उभा राहिलेला माणूस, त्याला तो दिसायची गरजच नव्हती. "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले," असं म्हणून सिस्टरनी शाबासकी दिली होती.

तेव्हापासून पंचशील म्हणताना चौथं शील आलं की त्याला खोकला यायचा. खोटं बोलणार नाही, असं हात जोडून म्हणायचं आणि लगेच जाऊन स्टिअरिंगवर बसायचं, हे त्यालाही पचत नव्हतं. पण बायको, केसर, गेल्यावर घरात नुसतं बसून बसून त्याला वेड लागायची वेळ आली होती. तेव्हा सिस्टरनीच या जीपची चावी त्याच्या हातात दिली होती. मुलगा अजित कामोठ्याला राहायचा. तो फोनवर दर वेळी म्हणायचा, "बाबा, गाडी चालवताय तोवर ठीक. ती सुटली की इकडे यायचं." सातव्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत खुर्ची टाकून कपडे वाळताना बघत बसायचं, या विचारानेच बाळारामला धाप लागायची. गाडी सुटली की आपण संपलो, असं त्याने मनाशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी म्हसळ्याच्या पुढे ऊन काचेवर आलं आणि त्याच्यासमोरचा रस्ता दुधात बुडाला.

मागे सहा पेशंट, सिस्टर आणि गुरुजी. पुढे धोंडूबाई, मांडीवर बोचकं आणि हातात लिंबू. बाळारामने वेग कमी केला. रस्ता त्याला पाठ होता, वळण कुठे, पूल कुठे, खड्डा कुठे. नवीन काय ते फक्त कळत नव्हतं. त्यासाठी त्याने बडबड सुरू केली.

"गुरुजी, पुडं कोन चाललाय, वलखीचा हाय का?"

"टेम्पो आहे. विटांचा."

"आनि तो बोर्ड कसला लावलाय नवीन?"

"काम चालू आहे, असा."

मागच्या बायका हसत होत्या, डायवरदादांना गप्पांचा भारी शौक. पुढचा टेम्पो वळून गेला. रस्ता मोकळा झाला असं बाळारामला वाटलं. त्याने गिअर टाकला, तेवढ्यात धोंडूबाईने त्याचा दंड घट्ट धरला.

"थांबव. गुरं हायत."

त्याने ब्रेक दाबला तो पायाने नव्हे, सगळ्या अंगाने. जीप घसरत जाऊन थांबली. बॉनेटच्या पुढ्यात, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, दुधातून एक म्हैस बाहेर आली. तिच्यामागे दुसरी. त्यांच्यामागे काठी खांद्यावर टाकलेली एक बाई, तिच्या कडेवर पोर. गुरांच्या गळ्यातल्या घंटा आता त्यालाही ऐकू आल्या. बाईने गाडीकडे रागाने बघितलं आणि ती रस्ता ओलांडून गेली.

"ब्रेक म्हणजे ब्रेक," मागून गुरुजी म्हणाले. "दुसरा कुणी असता तर आज काही खरं नव्हतं."

बाळारामने ते कौतुक ऐकून घेतलं. त्याने गाडी पुन्हा रस्त्याला लावली. माणगाव येईपर्यंत त्याने वेग वाढवला नाही.

माणगावला एसटी स्टँडसमोर सगळे चहाला उतरले. बाळाराम धोंडूबाईसाठी चहा घेऊन गाडीशी आला. तिने ग्लास हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"कदीपास्नं?" तिने विचारलं.

"काय कदीपास्नं?"

"डोलं."

बाळारामने उगाच इकडेतिकडे बघितलं. "काय बोलतेस गो? मी गाडी चालवतोय."

"म्हनून तर इचारते. तू लय इचारतोस, डायवरदादा. कोन आला, काय लिवलंय, कोन चाललाय. मी पन असंच करायचे. सूनबाई, दारात कोन आलंय बग गो. जसं काय मी कामात हाय. दोन वरसं कुनाला पत्ता लागू दिला न्हाय. डोलं असनारा मानूस इचारत न्हाय, सांगतो."

ज्या बाईला आपण ऑपरेशनला वळवायला इतकी गोडीगुलाबी केली, तिने आपल्याला एका प्रवासात ओळखलं होतं. शरमेने त्याचे कान तापले.

"मी कुनाला बोलायची न्हाय," धोंडूबाई म्हणाली. "तुजी इज्जत तुजी. पन मी फुडं येत न्हाय तुज्या गाडीनं. मना एष्टीत बसवून दे. मागल्यांचं काय करायचं, तुजं तू बग."

"आनि तुजे डोलं?"

"ऱ्हाऊ दे. आंदळी जगते हाय ती बरी."

सिस्टर आल्या तेव्हा धोंडूबाई बोचकं घेऊन खाली उतरली होती. सिस्टरनी समजावलं, चुचकारलं, शेवटी चिडल्या. धोंडूबाईचं एकच, "मना भ्याव वाटतंय. मी जाते घरी." भीती वाटते असं ती सगळ्यांदेखत सांगत होती. उद्या गावात तिचं हसं होणार होतं, सुनेला आयतं बोलायला मिळणार होतं, आणि पुन्हा कुठल्या कॅम्पाला ती उभी राहणार नव्हती, हे बाळारामला पक्कं माहीत होतं. अशी परत फिरलेली माणसं त्याने पाहिली होती.

"दर वेळी एक तरी असं निघतं," सिस्टर वैतागून म्हणाल्या. "गुरुजी, श्रीवर्धन गाडी लागलीय. बसवून या त्यांना. कंडक्टरला सांगा."

गुरुजींनी धोंडूबाईचा हात धरला. दोघं रस्ता ओलांडायला उभे राहिले. बाळाराम जीपच्या दाराला टेकून उभा होता. गप्प बसलं तरी चालणार होतं. पुढे हायवे रुंद, ऊन आता डोक्यावर चढलेलं, हॉस्पिटल गाठता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. एवढ्या सगळ्यांत एकटी धोंडूबाई काय ती जन्मभर आंधळी राहिली असती.

"गुरुजी," तो ओरडला. "थांबवा तिला. ती भ्यालेली न्हाय."

गुरुजी थांबले. चहाच्या टपरीवरची माणसंही वळून बघायला लागली.

"ती मला भ्याली. मला दिसत न्हाय. मगाशी म्हशी मी न्हाय बगितल्या, तिनं ऐकल्या."

सिस्टरना आधी ती थट्टाच वाटली. मग त्यांनी त्याचा चेहरा बघितला. "मी स्वतः तपासलं होतं तुम्हाला, दादा. दिवाळीला."

"तक्ता पाठ हाय मला, सिस्टर. खालून वर बी म्हनून दाखवतो."

एरवी यावर तिघंही हसली असती. सिस्टर जीपच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "दर आठवड्याला आपण माणसं नेतोय या गाडीतून. त्यांच्या घरी सांगून नेतोय, की आम्ही आहोत, काळजी करू नका." त्यांचा आवाज चढला नव्हता आणि त्याचाच बाळारामला जास्त त्रास झाला. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा खाली ठेवल्यासारखं हलकंही वाटत होतं.

पेशंट बायकांतली एक तोंडाला पदर लावून पुटपुटली, पण उतरली कुणी नाही. गुरुजी धोंडूबाईला घेऊन परत आले आणि तिला मुकाट्याने पुढच्या सीटवर बसवून टेम्पो स्टँडकडे गेले. येताना त्यांच्याबरोबर धर्मा होता, चाळिशीतला टेम्पोवाला. चौथीत असताना गुरुजींनी त्याचा कान पिळलेला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. बाळारामने चावी त्याच्या हातात दिली. "तिसरा गिअर जरा दाबून टाक," एवढंच सांगितलं. मग सवयीने तो पुढच्या दाराकडे वळला.

"मागे," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट मागे बसतात."

तो मागे जाऊन बसला. सिस्टर त्याच्या शेजारी येऊन बसल्या. हॉस्पिटल येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, पण वाटेत एकदा त्यांनी पाण्याची बाटली न बघता त्याच्यापुढे धरली.

मिशनच्या हॉस्पिटलात त्याला सगळे ओळखायचे. आजवर तो पेशंटचा हात धरून ऑपरेशनच्या दारापर्यंत जायचा आणि तिथून मागे फिरायचा. या वेळी त्याचा हात गुरुजींनी धरला. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, तो निघेल. डाव्यात काचबिंदू, शीर सुकलेली, त्याचं आता काही करता येणार नाही. डॉक्टरांनी हे सगळं शांतपणे सांगितलं.

"आधी आलो असतो तर?" बाळारामने विचारलं.

"वर्षभर आधी आला असतात तर बराचसा वाचला असता. गाडी मात्र आता नाही चालवायची, तांबे. एका डोळ्याने अंतर कळत नाही."

त्याने मान हलवली. उत्तर त्याला माणगावलाच कळलं होतं.

पट्ट्या निघाल्या तेव्हा वॉर्डात नेहमीसारखा गोंधळ झाला. कुणी स्वतःचेच हात बघत होतं, कुणी खिडकी. धोंडूबाईचा आता एकच डोळा केला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन महिन्याने होतं. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "डायवर कुटला?"

"मी," बाळाराम कॉटवरून म्हणाला. त्याचीही पट्टी नुकतीच निघाली होती.

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "मना वाटलं लय धिप्पाड आसशील. आवाज तसा हाय."

वॉर्डभर हशा पिकला. हशा ओसरल्यावर ती त्याच्या कॉटशी येऊन बसली. "तुजं काय बोलला डाक्टर?"

"एक गेला. एक ऱ्हायला. गाडी बंद."

धोंडूबाईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. तिला समजूत घालता येत नव्हती आणि तिने तसा प्रयत्नही केला नाही.

गावी आल्यावर बाळाराम दोन रविवार विहारात गेला नाही. सिस्टरना तोंड दाखवायचं कसं, हाच त्याला प्रश्न होता. अजितचा फोन आला, तेव्हा बाळारामने कामोठ्याला येतो म्हणून सांगूनही टाकलं. बॅग भरायला घेतली, तर भरायला फारसं काही निघालं नाही. उजव्या डोळ्याने भिंतीवरचा केसरचा फोटो आता इतका स्वच्छ दिसत होता की तिच्या साडीच्या काठावरची नक्षी मोजता आली असती. ते बघत तो बसला होता, तेवढ्यात दारात जीपचा हॉर्न वाजला.

धर्मा स्टिअरिंगवर होता. सिस्टर दारात आल्या, घरात मात्र आल्या नाहीत. "चप्पल घाला. दिघीकडच्या एका वाडीत मोरू म्हणून गृहस्थ आहेत. दोन्ही डोळे पिकलेत, ऐकत नाहीत. काल मी एक तास बोलून आले."

"सिस्टर, मी काय तोंडानं सांगू आता लोकांना?"

"खरं तेच सांगा. मी अजून रागावलेलीच आहे. पण माणूस आंधळा होतोय, माझ्या रागासाठी त्याने थांबायचं का?"

मोरू अंगणात जाळं विणत बसला होता. बोटांनाच सगळं माहीत असल्यामुळे त्याचं काम अडत नव्हतं, आणि अडत नाही हेच तो सगळ्यांना ऐकवत होता. बाळाराम त्याच्यासमोर जाऊन बसला. तांदळाचं, मोहरीचं काही बोलला नाही. त्याने स्वतःचा उजवा डोळा तळहाताने झाकला.

"असं केलं की मला तू दिसत न्हाईस. काळोख. ह्यो डोला मी घालवला. वरीसभर दडवलं, गाडी चालवायची म्हनून. हात काढला की जाळ्याची गाठ न् गाठ दिसते. ह्यो सिस्टरनी दिला."

मोरूची बोटं थांबली. "डायवर हायस तू?"

"व्हतो. आता हा चालवतो, धर्मा." बाळारामने मानेने जीपकडे दाखवलं. "चांगला चालवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरू धुतलेला सदरा घालून गाडीत चढला. तो पहिल्यांदाच एवढ्या लांब निघाला होता आणि घाबरला होता. बाळाराम त्याच्या शेजारी, मागच्या बाकावर. म्हसळ्याच्या पुढे ऊन काचेवर आलं. पुढे रस्ता, रस्त्याच्या कडेला शाळेत निघालेल्या मुली, पलीकडे कापलेली शेतं आणि त्यांत उभे बगळे, सगळं त्याला लख्ख दिसत होतं. उतारावरचं वळण आलं. बाळारामचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर हळूहळू दाबत गेला, पूर्ण खाली टेकला आणि वळण संपेपर्यंत तसाच राहिला. शेजारी मोरूने त्याचा दंड घट्ट धरला होता.

"काय झालं, दादा?"

"काय न्हाय," बाळाराम म्हणाला. "मुली चालल्यात साळंत. गाडी हळू झाली."